मामाच्या उजव्या खांद्याचा कोड

कॉलेजची तीन वर्षं मी मामाकडे राहिलो. त्या घरात नुसतं 'बरं नाही' म्हणायची सोय नव्हती. मी कण्हत उठलो की मामा पेपरमधून मान वर न काढता विचारायचा, "कुठल्या डॉक्टरनं लिहिलंय?"

मामा मोठ्या हॉस्पिटलात कोडर होता. डॉक्टर फाइलमध्ये आजार लिहिणार आणि मामा त्याला अक्षर आणि आकडे चिकटवणार. त्याचा धर्म एकच होता : डॉक्टरनं लिहिलं नाही, ते झालंच नाही. तपासून घरी पाठवलेल्या पेशंटच्या कागदावर 'शंका आहे' असं असलं, तर त्या आजाराचा कोड लावायचा नाही. जे दुखतंय, तेवढ्याचाच लावायचा. हॉस्पिटलात सगळे त्याला 'लिहिलंयका' म्हणत, तेही तोंडावर. तो आनंदानं ओ द्यायचा.

त्याची खोली पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूला होती. कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक कुरकुरणारी खुर्ची, आणि शेजारच्या टेबलावर त्याची सहकारी. तिला सगळे ताई म्हणत. मामाहून धाकटी, आणि त्याच्या वरताण काटेकोर. दोघं तासन्‌तास एक शब्द बोलत नसत, आणि अचानक एखाद्या मोडलेल्या करंगळीवरून कडाकडा भांडत.

पण हा सगळा मामा पाच वाजेपर्यंतचा. पाचनंतर हॉस्पिटलच्या मागच्या मैदानात व्हॉलीबॉल असायचा. औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, वॉर्डबॉय, आणि माणूस कमी पडला की मी. तिथं मामा म्हणजे राजा. चेंडू डाव्या हातानं वर सोडायचा, उजवा हात मागे घेऊन असा काही हाणायचा, की पलीकडच्याला चेंडू आला हे कळेपर्यंत गुण गेलेला असायचा. फार्मासिस्ट ओरडायचा, "लिहिलंयका, जरा हळू, मला लेकरंबाळं आहेत!" त्या संध्याकाळचा घामाचा आणि तापलेल्या मातीचा वास अजून नाकात बसलाय. माझी सर्व्हिस जाळीपर्यंतही पोचायची नाही, हे मात्र कुणी आठवण करून दिल्याशिवाय मी सांगत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना मामाचा उजवा खांदा दुखायला लागला. आधी खेळताना, मग शर्ट घालताना. हाडांच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. त्याआधी मामाच्या डोळ्याला आतून सूज आली होती आणि वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या चालल्या होत्या. बाईंनी तेही विचारून घेतलं आणि कागदावर लिहिलं : खांदेदुखी, आतलं हाड मरत असल्याची शंका, एमआरआय करावा.

मामानं घरी येऊन कागद टेबलावर ठेवला. "दुखणं आहे. बाकी शंका."

"शंका आहे म्हणूनच एमआरआय सांगितलाय ना?" मामी म्हणाली.

"शंकेला कोड नसतो."

"अहो, तुम्ही माणूस आहात की फाइल?"

मामा हसला आणि मलाच शिकवायला बसला. हाडाच्या टोकाच्या गोळ्याला रक्त पोचेनासं झालं की तो आतल्या आत मरतो, माणूस मात्र वरून ठणठणीत. कोड एम सत्त्याऐंशी. पुढचा आकडा कारणाचा, मग जागेचा, शेवटी उजवा की डावा. सगळं इतक्या रंगात येऊन सांगितलं, जणू खांदा शेजाऱ्यांचा होता.

मामीनं मग बोलणं सोडलं आणि चहाचा डबा सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला. मामा सकाळी डाव्या हातानं काढायचा आणि खालच्या फळीवर ठेवायचा. ती परत वर. कित्येक महिने तो डबा चढत-उतरत होता. एमआरआयची तारीख मात्र 'या आठवड्यात काम फार आहे' म्हणून पुढे पुढे जात होती.

मग अग्निशामक दलाच्या लोकांशी सामना ठरला. मामानं पहिल्याच सर्व्हिसला हात मागे घेतला, आणि तो तिथंच राहिला. चेंडू शेजारी टपकन पडला. सगळे हसले. मामाला दरदरून घाम फुटला होता, आणि हात खाली आणायला त्याला दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. मग कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. बाईंनी चित्र लावलं. "गोळा वरून खचलाय. तेव्हाच आला असतात, तर हाडात छिद्रं पाडून कदाचित वाचवता आला असता. आता बदलावा लागेल."

"सर्व्हिस?" मामानं विचारलं.

"केस विंचरता येतील. डबे काढता येतील. वरून हाणणं विसरा."

मामीनं 'मी सांगत होते' हे वाक्य तोंडाशी आलेलं गिळलं. मी तिच्या शेजारीच होतो, मला दिसलं.

स्वतःच्या फाइलला हात लावायचा नाही असा नियम. ती ताईच्या टेबलावर गेली. ऑपरेशननंतर ताई हात झोळीत अडकवलेल्या मामाला बघायला आली आणि खाली बसायच्या आधी म्हणाली, "दादा, कारण लिहिलेलं नव्हतं. गोळ्या सगळ्यांना माहीत आहेत, पण मी आपल्या मनानं लावणार नव्हते. बाईंना विचारलं, त्यांनी 'स्टेरॉइडमुळे' असं लिहून दिलं."

"शाब्बास," मामा म्हणाला. "म्हणजे औषध, खांदा, उजवा. एक, एक, एक."

"तीन एक्के," मामी म्हणाली. "आणि डाव गेला."

मामा इतका हसला की खांद्यात कळ आली. मग डाव्या हातानं डोळे पुसले. "डोळा मात्र वाचला त्या गोळ्यांनी," एवढंच म्हणाला.

बाईंनी परवानगी दिल्यावरही तो बरेच दिवस मैदानाकडे फिरकला नाही. म्हणायचा, "सर्व्हिस खालून मारायची तर मारायचीच कशाला?" शेवटी फार्मासिस्टच घरी आला. "लिहिलंयका, गडी कमी आहे. भाच्याला घेऊ का? मग हरायची तयारी ठेवतो."

मामा उठला. पायात बूट मामीनं घातले. मी मागोमाग जाऊन मैदानाच्या कडेला बसलो. मैदानात सगळ्यांनी उगाच इकडेतिकडे बघितलं. मामानं चेंडू डाव्या तळव्यावर धरला आणि शाळकरी मुलीसारखा खालून टोलवला. चेंडू वर गेला, रेंगाळला, आणि जाळीला चाटून पलीकडे उतरला. ड्रायव्हरनं तो आरामात परत केला, मामाच्या बाजूचा गुण गेला.

मामानं तोंड वाकडं केलं. उजवा खांदा डाव्या हातानं धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बघत काय बसलास? तो चेंडू आण."