येडशीचं आकाश माझ्याकडं होतं तेव्हा

पासष्टच्या लढाईत येडशीवर एकही बॉम्ब पडला नाही. पण आमच्या हवाई संरक्षण समितीचे किस्से मात्र ढिगानं पडले. आमचे ड्रिल मास्तर करीमसाब हेच किस्से वेगळे सांगतात. बहुधा त्यांचंच बरोबर असावं.

मी हायस्कूलचा मास्तर, दोन विषयांत एम. ए. समितीनं माझं भाषण ठेवलं. हवाई सामर्थ्याशिवाय राष्ट्राचं संरक्षण अशक्य आहे, हे मी तासभर सांगितलं. मग धीर द्यावा म्हणून म्हणालो, "शत्रू विमानतळ शोधतो, कारखाने शोधतो. येडशीत त्याचं काहीच काम नाही."

अध्यक्ष अण्णा पाटील उठले.

"म्हंजे आमचं गाव बॉम्ब टाकायच्या बी लायकीचं न्हाय व्हय, सर?"

मी माफी मागितली. रेल्वे स्टेशनवर हल्ला होऊ शकतो, असं कबूल केलं. टाळ्या!

ही बातमी जवळच्या येरमाळ्याला गेली. तिथली चार वजनदार मंडळी आली.

"येडशीला स्टेशन हाय, मान्य. पण आमच्याकडं देवीची एवढी जत्रा भरती, ती शत्रूला दिसत न्हाय का?"

पुढच्या भाषणात मी अवकाशावर गेलो. उद्या कृत्रिम चंद्र वरून सगळा देश न्याहाळतील, वगैरे.

सोनाबाई पुढंच बसल्या होत्या. "वरनं समदं दिसतंय?"

"सगळं."

"मग माझी म्हस कुठं गेली, तेवढं इचारा की!"

हल्ला झाला तर गावानं पेवात लपायचं ठरलं. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. आत हवा कोंडते, म्हणून आधी कंदील सोडतात. विझला तर कुणी उतरत नाही.

तालमीच्या दिवशी तिन्हीसांजेला कंदील खाली गेला. ब्लॅकआउटचा नियम, उजेड दिसता कामा नये! शिस्तीचे करीमसाब शिडीनं मागोमाग उतरले, फुंकर मारली आणि वर आले.

अण्णांनी वाकून पाहिलं. "कंदील इझला! कुनी उतरू नगा!"

अख्खं गाव तालमीतला हल्ला संपेपर्यंत उघड्यावर बसलं.

चिंचेला रुळाचा तुकडा टांगला होता. शत्रूचं विमान ओळखून तो बडवायचा, हे काम माझ्याकडं, कारण एम. ए. उगाच बडवला तर पुढच्या वेळी गाव हलणार नाही. नाही बडवला तर गावच उरणार नाही. मला जेवण जाईना.

आणि एका दुपारी विमान आलंच! रामलिंगाच्या डोंगरावरून, अगदी कमी उंचीवरून. मी हातोडा उगारला. विमानं ओळखायच्या सरकारी तक्त्यात सगळी विमानं काळी होती, हे चकाकत होतं. आपलं की त्यांचं?

"सर, मारो! जल्दी!" करीमसाब ओरडले.

"थांबा, शेपूट दिसू द्या."

शेपूट दिसलं, तेव्हा विमान स्टेशन ओलांडून गेलं होतं. हातोडा वरच.

वळून पाहिलं तर गाव घरांच्या धाब्यांवर उभं. मग सगळे उतरून माझ्याकडंच निघाले. नोकरी गेली हे नक्की. हाडं राहतील का, एवढाच प्रश्न होता.

अण्णांनी माझ्या हातात नारळ ठेवला.

"सर, तुमी बडवलं न्हाय, लई उपकार झाले. न्हायतर समदं गाव पेवात, अन् इमान बघायचं ऱ्हाऊनच गेलं असतं!"

गर्दीतून सोनाबाई धापा टाकत पुढं आल्या.

"माझं ऱ्हायलं की, सर. म्या म्हशीमागं गेलते. परत कवा हाय?"