खाटेच्या उंचीची गाडी

जगातली कुठलीही वस्तू वरून दिसते तशी आतून नसते, एवढ्या एका गोष्टीवर सगळं आयुष्य बेतलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भाऊजी धान खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्यानं आणलेल्या धानाच्या कट्ट्यात म्हणजे पोत्यात परखी, ही लोखंडाची पोकळ नळी, खुपसायची, तळचे दाणे तळहातावर काढायचे, एक दाणा दाताखाली धरायचा आणि ओलावा सांगायचा, हे त्यांचं काम. नोकरी संपली, परखी केंद्रावर राहिली, पण हात काही थांबला नाही. बाजारात वांगी घेताना ते टोपलीत कोपरापर्यंत हात घालतात. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेण्याआधी भाताचं एक शीत दातांत धरून डोळे मिटतात, आणि वाढपी वाटी हातात घेऊन निकालाची वाट पाहत उभा राहतो. ताईला पाहायला आले होते तेव्हाही त्यांनी बशीतले वरचे पोहे चमच्यानं बाजूला सारले आणि तळचे आधी खाल्ले. आमच्या वडिलांना वाटलं, स्थळ वाया गेलं. दाराआडून ताई मात्र हसली, ते हसणं भाऊजींनी ऐकलं आणि मुलीची परीक्षा तिथंच आटोपली. पुढं कधी विषय निघाला की ते अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगत, "तेवढं एकच मी बिनपरखीचं घेतलं."

तिरोड्याच्या बाजूला त्यांचं गाव आहे. तिथं एका सकाळी ताई चुलीपाशी बसल्या बसल्या कलंडली. लकवा. उजवी बाजू गेली. जीभ हळूहळू सावरली, पाय कसाबसा टेकू लागला, उजवा हात मात्र परत आला नाही. ताईनं त्या दुखण्यातही एक गोष्ट कुणाकडून करून घेतली नाही, ती म्हणजे उठणं. पडवीतल्या तिच्या खाटेच्या डाव्या अंगाला लाकडी खांब आहे. डाव्या हातानं खांब धरायचा, दात आवळायचे आणि उभं राहायचं. त्याला वेळ लागे. मध्ये कुणी हात पुढे केला की ती त्याच्याकडे अशी पाहायची, की त्यानं तो हात स्वतःच्या डोक्यामागे नेऊन केस खाजवावेत.

आमचं माहेर देवरीकडचं, जंगलाला लागून. माहेर म्हणतो ते ताईचं, माझं आपलं घर, मीही आता गोंदियात कापडाचं दुकान टाकून बसलो आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा बाजार, पाळणे, मिठाई, आणि रात्री नाटक. लकव्यानंतरच्या पहिल्या मंडईला भाऊजींनी भाड्याची जीप केली. जीप उंच. ताईला चढवायला माहेराहून माझे पुतणे आले, शेजारचे आले, आणि भाऊजी नेहमीच्या सवयीनं पुढे झाले. केंद्रावर हमालांना सांगायचे तसंच त्यांनी मोठ्यानं सांगितलं की खालून धरा, एका दमात घ्या, कोपरा सांभाळा. ताई चढली, मंडईला गेली, परत आली. परत येईपर्यंत ती कुणाशी बोलली नाही. घरी खाटेवर टेकल्यावर ती एवढंच म्हणाली, "मले कट्ट्यावानी उचललं तुमी." त्यानंतर तिनं अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नाला आली नाही. पुढच्या मंडईच्या दिवशी ती पडवीत बसून देवरीच्या दिशेला पाठ करून जेवली, असं भाऊजींनी मला सांगितलं, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

मग त्यांनी गाडी घ्यायचं ठरवलं. ट्रॅक्टर चालवता येत होता, त्यामुळे गाडी येतेच असं त्यांचं मत होतं. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी त्यांना गाडी वळवायला सांगितली तर त्यांनी मागच्या नांगराला जागा सोडून ती एवढ्या लांबून वळवली, की ती शेजारच्या धानाच्या बांधीत उतरली. तरी महिन्याभरात हात बसला. आता प्रश्न होता कुठली गाडी घ्यायची हा, आणि इथून पुढे माझ्या दुकानाचं नुकसान सुरू झालं. भाऊजी सकाळच्या गाडीनं गोंदियात उतरायचे आणि मला गल्ल्यावरून उठवून शोरूमला न्यायचे. गोंदियातल्या आणि आसपासच्या सगळ्या शोरूमवाल्यांना ते ओळखीचे झाले. दारात उभा असलेला पहारेकरी त्यांना पाहून आत निरोप द्यायचा. लोक गाडीचा रंग पाहतात, पुढचं तोंड पाहतात. भाऊजी आधी डिकी उघडायला लावायचे, तिथला गालिचा उचलायचे, स्टेपनीखाली हात घालायचे आणि बोटं नाकाशी नेऊन वास घ्यायचे. एकदा डिकीत काय मावतं हे पाहण्यासाठी त्यांनी घरून धानाचा कट्टा रिक्षात घालून आणला. चकचकीत फरशीवर धान सांडलं, ते वेचायला शोरूमची दोन माणसं आणि मी असे बसलो होतो, आणि वरून भाऊजी सांगत होते की सुकलेला आहे, डाग पडणार नाही.

नव्या गाडीबद्दल शोरूममध्ये विचारूच नये, असं त्यांचं म्हणणं. वरचा माल कोण वाईट दाखवील? म्हणून ते सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. बिल भरून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा पाहायचे, त्याला चहा पाजायचे आणि रोजच्या वापरात गाडी किती पेट्रोल खाते, खड्ड्यात खालून घासते का, तीन-चार वर्षांनी काय काय बदलावं लागलं, विकायला काढली तर कोणी घेतं का, हे सगळं काढून घ्यायचे. एका तापलेल्या गृहस्थानं त्यांना कंपनीचाच माणूस समजून आपली सगळी तक्रार ऐकवली, आणि भाऊजींनी ती शांतपणे ऐकून त्याला पुढच्या वेळी काय बोलायचं ते समजावून पाठवलं. या बैठकांतून त्यांनी ठरवलं की आपल्याला लहान एसयूव्हीच पाहिजे. साधी गाडी कालव्याच्या रस्त्यावर पोट घासते आणि मोठी गाडी पोसवत नाही. इथवर मलाही पटलं होतं. सेल्समननं छतातली काच सरकवून दाखवली आणि "अंकल, सनरूफ देखिए," म्हणाला, तेव्हा भाऊजींनी मान वर करून बराच वेळ आभाळ पाहिलं आणि सांगितलं, "वरून उघडं पायजे असन तं माज्या घरी बैलबंडी आहे." हेही मला पटलं होतं.

मला पटत नव्हती ती काठी. भाऊजींच्या हातात प्रत्येक वेळी गुडघ्याएवढ्या उंचीची बांबूची एक काठी असायची. पुढचं डावं दार उघडायचं, मला आत बसवायचं आणि माझ्या मांडीखाली सीट जिथं दबली असेल तिथं काठी जमिनीवरून उभी लावून पाहायची. मग मान हलवायची. चांगली गाडी, बरी किंमत, ओळखीतले तिघे-चौघे खूश, आणि हे काठी लावून मान हलवत परत निघायचे. ताईची आणि माझी अंगलट एक म्हणून मला बसवतात हे नंतर कळलं. त्या दिवसांत मला एवढंच कळत होतं की भर बाजारच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी शोरूममध्ये बसतो-उठतो आहे आणि एक पिकल्या केसांचा माणूस माझ्या बुडाची उंची मोजतो आहे. शेवटी मी चिडलो. म्हणालो, भाऊजी, या काठीत काय आहे ते तरी सांगा, नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस बघा.

ते तिथंच, नव्या गाडीच्या सावलीत, खुर्चीवर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाले, "तिची खाट येवढी आहे. येवढ्या उंचीवरून तिले कोनाच्या हाताबिगर उठता येते. थोडी बी खाली असली तं नाई उठवत, वर असली तं नाई बसवत. गाडी येवढीच पायजे." आणि पुढं म्हणाले, "मंग कोनी उचलनार नाई." मी परत गाडीत जाऊन बसलो आणि त्यांना काठी नीट लावू दिली.

ती गाडी शेवटी सापडली. पांढऱ्या रंगाची, बिनसनरूफची, मधल्या दर्जाची. काठीचं टोक आणि दबलेली सीट अगदी एका रेषेत आली. भाऊजींनी तीनदा लावून पाहिली आणि तिथल्या तिथं होकार दिला, इतका झटकन की सेल्समनच गडबडला. मंडई तोंडावर आली होती. गाडी अंगणात आली तेव्हा मी होतो. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, गल्ली जमा झाली होती, ती सगळी भाऊजींनी हात जोडून आपापल्या घरी पाठवली. ताई काठी टेकत पडवीतून उतरली. दाराशी आली. भाऊजींनी डावं दार उघडून धरलं, आपल्या शेजारची जागा. ताई म्हणाली, "तुमी कायले पाहून राहिले? पाठ करा तिकडं." भाऊजी आणि मी, दोघेही तुळशीकडे तोंड करून उभे राहिलो.

मागं काठी घसरल्याचा आवाज आला, धाप लागल्याचा आला, मग काहीच नाही. मग ताईचा आवाज आला, "इथं खांब कुठं आहे?"

भाऊजी वळले नाहीत. वळले असते तर बरं, असं मला वाटलं. डाव्या दारातून बसायला सीटकडे पाठ केली की उघडं दार उजव्या हाताला येतं, आणि ताईचा उजवा हात तर लोंबता. धरायला डाव्या हाताला काहीच उरत नव्हतं. उंची खाटेची होती, खांब नव्हता. इतक्या गाड्यांचा तळ हुंगणारा माणूस तुळशीच्या वृंदावनावर हात ठेवून उभा होता, आणि मला ऐकू येईल एवढंच म्हणाला, "साऱ्या गाडीले हात लावला. तिच्या हाताचा इचार नाई केला." मी त्यांना इतकं पडलेलं कधीच पाहिलं नव्हतं, ताईच्या लकव्याच्या दिवशीही नाही. मला वाटलं, आता ही गाडी परत जाणार आणि ताई उरलेला जन्म पडवीत काढणार.

आम्ही तसेच उभे होतो. मागं काठी टेकल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण जवळ येण्याऐवजी गाडीच्या तोंडाकडून पलीकडे गेला. दार उघडलं. पुन्हा धाप लागली. नंतर बराच वेळ गेला आणि एकाएकी हॉर्न वाजला. आम्ही वळलो तर ताई स्टिअरिंगमागे, ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. त्या बाजूनं उघडं दार बरोबर तिच्या डाव्या हाताला आलं होतं, आणि दाराचा तिनं खांब केला होता. पदर घसरला होता, कपाळावर घाम होता. भाऊजी जवळ जाऊन हळूच म्हणाले की ही माझी जागा आहे. ताईनं पुन्हा एकदा हॉर्न वाजवला. "तुमी बसा तिकडं," ती म्हणाली, "मी चालवतो." आणि मग ती हसली, त्या दाराआडच्या दिवसासारखी, तोंड थोडं वाकडं करून, कारण आता ते सरळ होत नाही. भाऊजी खरोखरच पलीकडून जाऊन तिच्या शेजारी बसले. चावी त्यांच्या खिशात होती. दोघं उन्हं उतरेपर्यंत बंद गाडीत बसून अंगणाबाहेर पाहत होती.

मंडईला ताई मागच्या उजव्या दारानं बसली, भाऊजींच्या मागं. माहेरच्या दारात गाडी थांबली तेव्हा सगळं घर तिला उतरवायला धावलं. भाऊजी हात पसरून मध्ये उभे राहिले आणि तोंडातून शब्द काढला नाही. ताईला उतरायला लागला तेवढा वेळ सगळे थांबले. उतरल्यावर तिनं पदर नीट केला, आमच्या वहिनीला विचारलं की यंदा जिलेबीवाला कुठं बसला आहे, आणि चालू लागली.

आता ती दोघं कुठं कुठं जातात. गोंदियाला डॉक्टरकडे, तिरोड्याच्या बाजाराला, कधी नुसतं कालव्याच्या रस्त्यानं. ताई पूर्वीपेक्षा लवकर थकते. परवा मी त्यांच्याबरोबर पुढं, त्या डाव्या सीटवर बसलो होतो. पाहिलं तर मधला आरसा वाकडा, त्यात मागचा रस्ता दिसतच नव्हता, नुसता ताईचा चेहरा दिसत होता. मी आरसा सरळ करायला हात नेला तर भाऊजींनी माझा हात बाजूला केला. मी म्हटलं, अहो, मागून ट्रक आला तर दिसेल कसा?

"ट्रक हारन देते," भाऊजी म्हणाले. "तिचं काई दुखलं तं ते नाई सांगत. चेहऱ्यावरून पाहा लागते."

तळ पाहिल्याशिवाय आयुष्यात कशावर विश्वास न ठेवलेला हा माणूस आता आरशातल्या एका चेहऱ्याकडे पाहून गाडी हळू करतो आणि वाढवतो. पुढं खड्डा आला. ताईच्या कपाळाला आठी पडायच्या आत त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, आणि मागून खरोखरच एका ट्रकनं हॉर्न दिला. भाऊजींनी घाई केली नाही. तो ट्रक जाईपर्यंत ते आरशात पाहत राहिले, आणि मी बाहेर, कापणी झालेल्या बांध्यांकडे.