एका रांगेतलं उत्तर

संशय माझ्या रक्तातच आहे. वडील जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आत जाताना आगपेटी फाटकावर ठेवायची आणि बाहेर येताना जेवणाचा रिकामा डबासुद्धा उघडून दाखवायचा, असा त्यांचा रोजचा शिरस्ता. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला अपमान नाही वाटत? ते म्हणाले, झडती चोराची नसते, सगळ्यांची असते. ते वाक्य मी उचललं आणि भंडाऱ्यात रसायनशास्त्र शिकवायला लागल्यावर विद्यार्थ्यांवर वापरलं. पोरं मागून मला ‘झडतीवाली’ म्हणायची. म्हणोत. प्रयोगवहीत गाळून घेतल्यासारखे स्वच्छ आकडे आले की मी पहिल्यांदा शेजारच्या टेबलावरची वही मागवायचे, आणि बहुतेक वेळा माझं बरोबर निघायचं.

अशा बाईकडे शिक्षणशास्त्राची एक विद्यार्थिनी सह-मार्गदर्शनासाठी आली. हल्ली संशोधनाला एक विषय पुरत नाही, तीन म्हशी एका खुंट्याला बांधाव्या लागतात. तिच्या प्रबंधात रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, हंगामातली मुलींची शाळा होती, घरात येणारं पाणी होतं आणि गावातल्या बायकांचं काम होतं. शाळेचं तिच्या मुख्य गाइडनं पाहायचं, पाण्याचं मी. पण शेवटी दोघांची सही लागायची. पोरगी आमच्याच भागातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर घरी. तिच्या कॉलेजात कायम जागा निघणार होती आणि त्या आधी नावामागे डॉक्टर लागलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाच्या पदरात पडणार, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला ते आवडलं नव्हतं. घाई असलेला माणूस आकडे शिजवतो, असा माझा अनुभव.

पाण्याचं काम मात्र तिनं चोख केलं. कारध्याच्या पुलावरून पवनीकडे जाताना तिचं गाव लागतं. तिथल्या विहिरींचं आणि बोरिंगचं पाणी ती बाटल्यांत भरून आणायची, आम्ही तपासायचो. बाटल्या धुताना एकदा तिनं तळहात दाखवला. बोरिंगची दांडी मारून मारून बोटांच्या बुडाशी पडलेले घट्टे अजून गेले नव्हते. रोवणी सुरू झाली की आई पहाटेच धानाच्या बांधीत जायची, मग पाणी भरणं आणि धाकट्याला सांभाळणं हिच्याकडे. त्या दिवसांत शाळेचं तोंड पाहिलं नाही मॅडम, असं ती हसत म्हणाली होती. मी ऐकलं आणि विसरले.

मग तिनं मुलाखतींचं प्रकरण आणून दिलं, आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रोवणीच्या दिवसांत तुमची मुलगी शाळेत जाते का, या प्रश्नाला गावातल्या सगळ्या बायकांचं उत्तर एकच. जाते. पाणी मीच भरून जातो. (आमच्याकडे बायकाही ‘जातो’च म्हणतात.) वाक्यसुद्धा तेच, शब्दसुद्धा त्याच क्रमानं. एकाच विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या कधी तंतोतंत सारखा आकडा देत नाहीत, मग इतक्या बायकांची तोंडं कशी सारखी चालतील? शाळेच्या हजेरीचा आधार घ्यावा तर तिथे कागदावर पोरं बारा महिने हजरच असतात, तापानं फणफणलेलीसुद्धा. कुठंतरी पाणी मुरत होतं. मला वाटलं, ही पोरगी घरी पंख्याखाली बसली, पहिलं उत्तर लिहिलं आणि तेच उतरवत गेली. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण मला ती आवडायला लागली होती.

मी तिला काही बोलले नाही. फक्त म्हणाले, उद्या तुझ्या गावाला येते. तिचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

रोवणी जोरात होती. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळ्या बाया बांधीत. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं बांध घातलेलं शेत. घोट्याच्या वर चिखल, हातात पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, जुडी, आणि बायांची रांग मागे मागे सरकत रोवत जाते. रांगेच्या डोक्याशी एक उंच, वाळकी बाई होती. ती थांबली की रांग थांबायची, ती सरकली की रांग सरकायची. पोरीनं हळूच सांगितलं, ती माझी आई. टोळी तिची होती. रोवणीचा हुंडा, म्हणजे अख्ख्या शेताचा एकठोक भाव, मालकाशी तीच ठरवायची.

मी बांधावर उभी राहून विचारलं, ही तुमच्याकडे प्रश्न विचारायला आली होती का? आईनं कंबर सरळ केली आणि म्हणाली, आली होती. मग रांगेतून एकामागून एक आवाज आला, आली होती जी, आली होती. मुली शाळेत जातात का? जाते, पाणी मीच भरून जातो. पुन्हा रांगभर तेच. प्रकरणात वाचलेलं वाक्य माझ्यासमोर जिवंत उभं होतं. म्हणजे पोरीनं घरी बसून लिहिलेलं नव्हतं. पण माझं समाधान काही होईना. ती आली होती, हेसुद्धा याच एका तोंडानं सांगितलेलं. असली साक्ष काय कामाची?

मग मी ते केलं जे प्रयोगशाळेत करते, नमुना वेगळा काढला. रांगेच्या शेवटी एक नवी लग्न झालेली वाटावी अशी बाई होती, तिला म्हटलं, जरा इकडे मोहाच्या झाडाखाली येता का, दोन मिनिटं. ती हलली नाही. सगळी रांग उभी राहिली. मघापर्यंत चाललेलं हसणं, टिंगल, सगळं बंद. त्यांच्या नजरा मी ओळखल्या. फाटकावर वडिलांचा डबा उघडणाऱ्याकडे मी लहानपणी अशीच पाहायचे.

आई चिखलातून बांधापर्यंत आली.

“म्याडम, तिले एकटीले काहून नेऊन राहिले? एकीले बाजूले नेते तो मालक, भाव फोडाले. आमच्यात एक बोलते, बाकीच्या तेच म्हणते. नाही तं आमचं काही चालत नाही जी.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरीला दिवसा कुणी घरी भेटणार नव्हतं, म्हणून तिनं बांधावर उभं राहून एकेकीला विचारलं. आणि बायांनी बाहेरून आलेल्या प्रश्नाला तसंच उत्तर दिलं जसं त्या बाहेरून आलेल्या भावाला देतात. विचारणारी घरचीच पोर आहे, हे तिच्या हातातल्या कागदांपुढे कुणाला आठवलं नसेल.

मला तिथेच थांबता आलं असतं. थांबले नाही. सगळ्यांसमोर मी पोरीकडे वळून म्हणाले, आणि तू? तू जायचीस रोवणीत शाळेत?

तिनं आईकडे पाहिलं. आई जुडीची गाठ सोडत होती.

“जात होतो,” पोरगी म्हणाली.

परत येताना आम्ही कारध्याला चहाला थांबलो. मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, तुझ्या तळहातावरचे घट्टे मी पाहिलेत, तू माझ्या तोंडावर खोटं बोललीस, आणि तुझ्या प्रकरणातलं प्रत्येक उत्तर खोटं आहे हे तुला लिहितानाच माहीत होतं. ती कपातल्या चहाकडे पाहत म्हणाली, माहीत होतं. पण माणूस सांगेल तेच लिहायचं, आपल्याकडचं घालायचं नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम. तो धडा मीच दिला होता.

मी म्हटलं, मग आता ही उत्तरं कशी आली ते लिही. टोळीत एक बोलते आणि बाकीच्या मान डोलावतात, हे लिही. तिनं कप खाली ठेवला.

“ते लिहिलं तं माही आई खोटं बोलते, असं होते. ते माह्यानं नाही होत. तुम्ही सही नका करू मॅडम.”

हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की मला भीती वाटली. ती कायम जागा, एवढ्या वर्षांची पायपीट, सगळं ती त्या टपरीवर ठेवून निघाली होती. मला वाटलं होतं घाईची माणसं काहीही करतात. ही काहीच करायला तयार नव्हती.

काही आठवड्यांनी ती आली ती नवं प्रकरण घेऊन. बायांची उत्तरं तशीच ठेवली होती. खाली लिहिलं होतं की ती रांगेत, कामाच्या जागी, सर्वांसमोर घेतली आहेत, म्हणून ती रांगेची मानावी, एकेका घराची मानू नयेत. खोटं हा शब्द कुठेही नव्हता. आणि शेवटी एक उत्तर जास्त होतं, तिचं स्वतःचं. रोवणीत मी शाळेत जात नव्हते. पाणी मी भरत होते.

मी सही केली. पण खरं सांगते, पेन उचलताना पुन्हा पाल चुकचुकली. घट्टे खरे होते, तरी हे शेवटचं उत्तर तिनं माझ्या सहीसाठी तर लिहिलं नसेल? सवय मरत नाही.

मौखिक परीक्षा धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाल्यावर आली. ती खुली असते, कुणीही येऊन बसावं. मी सभागृहात शिरले. मधल्या रांगेत ठेवणीतली लुगडी नेसून पोरीची आई आणि टोळीतल्या बाया बसल्या होत्या. पोरगी डॉक्टर होणार म्हणून पाहायला आल्या होत्या. प्रबंधात काय लिहिलंय हे तिनं आईला सांगितलं होतं का? मी पोरीजवळ जाऊन हळूच विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

मी मुद्दाम त्यांच्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. पोरीनं पाण्याचे तक्ते दाखवले, शाळेचे दाखवले. मग ते शेवटचं उत्तर वाचलं. आईच्या पाठीकडे पाहण्याखेरीज माझ्या हातात काही नव्हतं. ती पाठ हलली नाही.

बाहेरून आलेले परीक्षक माझ्याच जातकुळीतले निघाले. म्हणाले, सगळं गाव एक सांगतं आणि एकट्या तुम्ही दुसरं सांगता, आणि प्रबंधही तुमचाच. आम्ही तुमच्यावर का विश्वास ठेवायचा? प्रश्न रास्त होता. मीही तोच विचारला असता. पोरगी उभीच राहिली. तिला पुरावा म्हणून आईला पुढे करता आलं असतं. केलं नाही.

मग आई उठली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

“मी तिची आई आहो जी. रोवणीत तिले मी घरी ठेवत होतो. पाणी ती भरे, लेकरू ती सांभाळे. ती शाळेत नाही जाये.”

मग तिच्या शेजारची उठली. मीपण ठेवतो जी, पोरीले. मग तिच्या पलीकडची, मीपण ठेवतो. रांगेच्या टोकाची ती नव्या लग्नाची वाटणारी बाईसुद्धा उठली आणि म्हणाली, आमच्याकडे नणंद राह्यते घरी. सगळ्यांनी री ओढली, पहिल्यासारखीच, एकामागून एक. परीक्षक लिहीत होते. आणि माझ्या मनात, तिथेही, तेव्हाही, आलंच: या बायांनी हे येताना गाडीत तर ठरवलं नसेल? पण आईला आतापर्यंत काही माहीतच नव्हतं. आणि टोळीच्या म्होरकीनं एवढ्या लोकांत स्वतःचा शब्द मोडला होता. भाव फुटला होता आणि तो तिनं स्वतः फोडला होता. मला रडू आलं, ते मी खोकल्यात घालवलं.

पोरीला पदवी मिळाल्याचं परीक्षकांनी जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. बायांनीही वाजवल्या. आई पदर सावरत खाली बसली आणि शेजारणीकडे झुकून हळूच म्हणाली. मी मागेच होते म्हणून मला ऐकू आलं.

“आता सारे इचारतीन, पोरी शाळेत काहून नाही. मंग येत्या रोवणीत पाणी कोण भरन वं?”

माझ्या मांडीवर तो जाडजूड प्रबंध होता, पाण्याचे सगळे तक्ते त्यात होते, आणि मी तो उघडला नाही.