गावात कुणीतरी असायला हवं

हो म्हणायचं असलं की त्या मान आडवी हलवायच्या आणि नाही म्हणायचं असलं की उभी. अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या गल्लीत त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा मी त्यांना चहा विचारला. त्यांनी मान आडवी हलवली, म्हणून मी ठेवलाच नाही आणि त्या बिचाऱ्या वाट पाहत बसल्या. त्यांच्या बल्गेरियात तीच रीत. आपली मान तर काय, कुठेही हलते. म्हणूनच आमचं जमलं असावं.

त्यांची नात त्यांना 'बाबा' म्हणायची. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी. माझी रेवाही तेच म्हणू लागली. एकदा नागपूरहून माझ्या वडिलांचा फोन आला, तर ही म्हणाली, "आई इज वॉकिंग विथ बाबा." पलीकडून हळूच प्रश्न आला, "कोणते बाबा?"

ऊन उतरलं की आम्ही दोघी फिरायला निघायचो. सरळ रस्ता, एकसारखी घरं, वर भलंमोठं आभाळ. बाबा मध्येच थांबायच्या. "इथं पाणी कुठल्या बाजूला वाहतं गं?" मी उतार शोधत इकडेतिकडे पाहायचे.

मग त्या हवेत हातानं आपला तालुका काढायच्या. खाली नदीकाठी तालुक्याचं गाव. तिथून वर चढत गेलेल्या डोंगराच्या सोंडा, प्रत्येक सोंडेवर एक वाडी. अक्रोडाची झाडं, प्लमच्या बागा, त्यांच्यावर दाट रान. मी विचारायचे, "त्या वाडीत कोण राहतं?"

"आता कुणी नाही."

"आणि पलीकडच्या?"

"एक म्हातारा. आणि त्याच्या बकऱ्या."

बाकीचे सोफियाला, जर्मनीला, स्पेनला. त्या बोलत राहायच्या आणि समोरच्या गराजांच्या रांगेवर हळूहळू धुकं उतरतंय असं मला वाटायचं.

त्यांच्या स्वतःच्या वाडीत एकच बाई उरली होती, त्यांची बालमैत्रीण. एका हिवाळ्यात ती पडली, पाय मोडला. तिला खाली तालुक्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. त्या दिवशी बाबा आमच्या दारात आल्या.

"वाडीत आता कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "पाववाल्याची गाडी वर येणं बंद होईल. रस्त्यावरचं बर्फ कुणी काढणार नाही. ती बरी झाली तरी परत कशी येणार? कुणाकडे येणार?"

लेक मागोमाग आली. आमच्याच किचनमध्ये दोघींचं वाजलं.

"आई, इथे तू सेफ आहेस. तिथे पडलीस तर?"

"पडले तर पडले. गावात कुणीतरी असायला हवं."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी आईला समजवावं अशी तिची अपेक्षा. माझ्या तोंडून निघालं, "पण बाबा, पोचल्या दिवशी जेवाल काय?"

लेक हसता हसता रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनंच तिकीट काढलं.

बाबा गावी गेल्या. अधूनमधून व्हिडिओ कॉल यायचा. एकटीसाठी गाडी वर आणायला पाववाला कुरकुरायचा, म्हणून बाबा दोघींपुरता पाव घ्यायच्या आणि उरलेला कोंबड्यांना घालायच्या. उन्हाळ्यात त्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून मैत्रीण परत आली. काठी टेकत ती उतरत असताना बाबा मला फोनवर ओरडून सांगत होत्या, "आमची लोकसंख्या दुप्पट झाली!"

दोघींनी मिळून पुढचा हिवाळा काढला. बर्फ वितळायला लागलं तेव्हा बाबा झोपेतच गेल्या.

लेक तिकडे जाऊन आली. परतल्यावर एका संध्याकाळी, आमच्या पायरीवर बसून तिनं सांगितलं. बातमी कळली तशी सगळ्या वाड्यांची माणसं निघाली होती. सोफियाहून, जर्मनीहून, स्पेनहून. त्या रात्रीपुरती का होईना, त्यांनी आपापली बंद घरं उघडली. मैत्रिणीनं सगळ्यांना सूप वाढलं. आणि अंधार पडायला लागला तेव्हा लेक उतारावर एकटीच उभी राहिली.

"सगळ्या सोंडांवर, खिडकी-खिडकीत दिवे," ती म्हणाली. "इतके दिवे मी लहानपणीसुद्धा पाहिले नव्हते."