गौराचा डावा हात

सांगायला बसलेच आहे, तर आधी एक गोष्ट स्पष्ट करते: गौराची बोटे निळी पडताना मी पाहिलेली नाहीत. ती पाहिली तिच्या आईने. मी जे पाहिले, ते मीच घडवलेले होते!

निजामी अमदानीतली गोष्ट. हैदराबादेत डॉक्टरी शिकून मी परभणी जिल्ह्यात नुकतीच आले होते. वालूरचे दुकानदार विश्वनाथअप्पा यांनी तेरा वर्षांच्या लेकीसाठी बोलावणे धाडले. पहाटे गार पाण्याने हात धुऊन, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन गौरा पूजेला बसे. आणि नेमकी त्याच हाताची बोटे म्हणे निळी पडत.

'म्हणे' मला मान्य नव्हते. मी पुरावा मागते. पण खरे सांगू? मी भ्याले होते. शिकत असताना एका मुलाची अशीच बोटे आधी निळी, मग काळी पडलेली आणि अखेर कापावी लागलेली मी पाहिली होती.

"हात तर कापावा लागायचा न्हाई ना, डॉक्टरीणबाई?" आईने पहिल्याच वाक्यात माझी भीती बोलून दाखवली.

"तपासल्याशिवाय मी मत देत नाही." काय तो माझा रुबाब!

तपासणी सोपी. मनगटातल्या दोन्ही नाड्या दोन अंगठ्यांनी दाबायच्या. मुलीने मूठ आवळून उघडायची. तळवा पांढरा पडतो. रक्त परतून तो लाल झाला, की नाड्या ठीक.

गौराने मूठ उघडली. तळवा चुन्यासारखा पांढरा! मी वाट पाहिली. पांढराच!

"मुंग्या यायल्यात," गौरा म्हणाली.

"मुंग्या!" मी अप्पांकडे पाहिले. "हे लक्षण चांगले नाही."

"बोटं बधिर व्हायलीत."

"बधिरसुद्धा! अप्पा, हिला हैदराबादला न्यावे लागेल. आजच."

"अगं माय!" आईने डोळ्यांना पदर लावला.

अप्पा पुढे सरकले. "ह्याच हातावर लिंग घेती हो लेकरू. ह्यो हात गेला तर कसं करावं तिनं?"

मी जितकी घाबरले, तितके मनगट घट्ट धरले. जितके घट्ट धरले, तितका तळवा फटफटीत होत गेला. शास्त्र माझ्याच बाजूने बोलत होते, नाही का?

"बाई," गौरा रडकुंडीला येऊन म्हणाली, "तुमी जरा हात सोडून बघता का?"

मी खाली पाहिले. माझे दोन्ही अंगठे तिच्या मनगटात रुतलेले होते!

सोडले. तळवा क्षणात जास्वंदीसारखा लाल!

"आत्ता गं बया! मग इतका येळ रगत कुटं होतं?" आईने विचारले.

"बाईंनी धरून ठिवलं होतं," गौरा मनगट चोळत म्हणाली.

उरलासुरला रुबाब गोळा करून मी म्हटले, "उद्या पहाटे पूजेच्या वेळी येते. बोटे प्रत्यक्ष पाहते."

"नको!" तिघेही एकदमच ओरडले.

पुढे वालूरला मी अनेकदा गेले. मला पाहताच गौरा डावा हात पाठीमागे लपवायची. तिची बोटे खरोखर निळी पडत होती का, आणि पडत असल्यास एकाच हाताची का, हे मला आजही माहीत नाही.