अडवून ठेवलेली सही

भिवपुरीहून बाळारामच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी एका तक्रारअर्जाचा तिसरा मसुदा करीत होतो. "काका, नाना सकाळी गेले. चहा घेऊन खुर्चीत बसले होते, तसेच..." मी "बरं" म्हणालो. अशा वेळी म्हणायचा तो शब्द नव्हे, हे फोन ठेवल्यावर कळले. टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तिच्या पहिल्या पानावर माझी एक सही बाकी होती, आणि ती मीच अडवून ठेवली होती.

कर्जतच्या शाळेत बाळाराम आणि मी एका बाकावर बसलो. पुढे तो जलविद्युत केंद्रात ऑपरेटर झाला आणि मी दिवाणी न्यायालयात लिपिक. निवृत्तीनंतर मी लोधिवलीत घर बांधले आणि निरनिराळ्या कार्यालयांना त्यांची कर्तव्ये पत्राने कळवू लागलो. म्हणून तो मला वकील म्हणे.

गेल्या वर्षी माझ्या लॅपटॉपने नव्या प्रणालीचा करारनामा पुढे केला. मी तो अखेरच्या कलमापर्यंत वाचला आणि 'मान्य आहे' हे बटण दाबण्यास नकार दिला. एका पक्षाला वाटेल तेव्हा अटी बदलता येतात, त्याला मी करार म्हणत नाही. बाळाराम म्हणाला, "मंग लिनक्स टाक." ही फुकट मिळणारी दुसरी प्रणाली मी टाकली. सर्व सुरळीत चालले. वायफाय मात्र दिसेना. संतापाच्या भरात मी मोबाइलवर सापडलेले दहा उपाय एकाच दुपारी केले आणि यंत्र सुरू व्हायचेच थांबले.

गुरुवारी बाळाराम स्कूटरवरून आला, ही वही घेऊन.

"काय काय केलंस?"

"सगळं."

"कुठलं आदी, कुठलं मागून?"

मी मोबाइल पुढे केला. त्यात उपाय होते, क्रम नव्हता.

"आरं वकिला, कोर्टात साक्षीदाराला धा प्रश्न एकदम इचारतात काय रं?"

त्याने पानावर रकाने आखले: वेळ, काय दिसले, काय केले. तळाशी दोन सह्यांची जागा, 'कार्यभार सोपवला' आणि 'कार्यभार स्वीकारला'. केंद्रात प्रत्येक पाळी अशीच बदलत असे. येणाऱ्याने स्वीकारल्याची सही केल्याखेरीज जाणाऱ्याला घरी जाता येत नसे, मग बाहेर काहीही होवो.

लिनक्स पुन्हा टाकले. एका ओळीला एकच बदल, हा त्याचा दंडक. त्याने टाइप केलेल्या पहिल्या आज्ञेला यंत्राने आतल्या सुट्या भागांची यादी दिली. तीत वायफायचे कार्ड होते. "हाय, जित्तं हाय," तो म्हणाला. दुसऱ्या आज्ञेने जे उघडले ते पाहून मी चष्मा पुसला. सुरू झाल्या क्षणापासून यंत्र स्वतःचा रोजनामा लिहीत होते, ओळीओळीला वेळ घालून. त्यातच स्पष्ट लिहिले होते की कार्डाला जागे करणारी एक फाइल जागेवर नाही. न्यायालयात चाळीस वर्षे रोजनामे सांभाळलेला मी, हा एक न वाचताच संतापलो होतो.

ती फाइल इंटरनेटवरून उतरवायची होती. म्हणजे इंटरनेट मिळण्यासाठी इंटरनेट हवे. "रहिवासी दाखल्याच्या अर्जासोबत रहिवासी दाखला जोडा, त्यातला प्रकार हा," असे म्हणून मी कागद ओढला.

"कुणाला लिवतोस?"

"जबाबदार अधिकाऱ्याला."

"याला मालकच नाय. कुठकुठची माणसं हौसेनं बनवतात. नोटीस कुणाच्या दाराला डकवशील?"

त्याने आपला फोन केबलने लॅपटॉपला जोडला, फोनचे इंटरनेट यंत्राला दिले आणि फाइल आणली. यंत्र बंद करून सुरू केले, तर आसपासच्या घरांची वायफाय नावे एकाखाली एक उगवली. ती माणसे कोण, फुकट का राबतात, हे मी त्याला कितीदा विचारले असेल... "तू पत्रं का लिवतोस?" एवढेच तो विचारी.

त्याने 'सोपवला'खाली सही केली. मी नकार दिला. लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की वायफाय नाहीसे होत होते. "दोष शिल्लक असताना मी कार्यभार स्वीकारणार नाही."

"मंग मी घरी जाऊ नको?"

"नियम तुझाच आहे."

"बरं. च्या टाक मंग."

त्या एका दोषासाठी तो पुढे दर गुरुवारी येत राहिला. तपासाची चार पाने भरली. गप्पांची नोंद नाही.

तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी वही चाळताना मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्याच्या अक्षरात एक ओळ दिसली. कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपते, ती सोय बंद करण्याची आज्ञा. मी ती दिली. लॅपटॉप मिटला, उघडला. वायफाय जागेवर होते.

हा उपाय त्याला केव्हा सापडला? शेवटच्या गुरुवारी, की पहिल्याच? जन्मभर प्रत्येक नोंदीपुढे वेळ घालणाऱ्या माणसाने या एकाच ओळीपुढे ती घातलेली नाही. पुराव्याअभावी मला काही सिद्ध करता येत नाही.

मात्र सही अडवण्याचे कारण उरले नव्हते. मी शेवटच्या पानावर नोंद केली: वेळ, काय दिसले, काय केले. मग पहिल्या पानावर त्याच्या सहीशेजारी 'कार्यभार स्वीकारला'खाली माझी सही केली आणि समोरची, तो बसायचा ती खुर्ची थोडी मागे सरकवली, कोणाला उठून जायला वाट लागते तशी.