न दुखलेली कंबर

ही गोष्ट मी अर्धी पुष्कळदा सांगितली आहे. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रिक्षावाल्याला. एका भारी जिमनं मला कसं फसवलं, ती अर्धी. लोक हसतात, मीही हसते, चार वाक्यं वाढवून सांगते. उरलेली अर्धी आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही — नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हेच कारण असावं.

त्या वर्षी गारखेड्यात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. पावसानं दगा दिल्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. शहर मात्र वाढतच चाललं होतं — जालना रोडवर काचेच्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या दारात टँकर उभा. आमच्या घरात सासूबाईंचा पाण्यावर कडक पहारा. अंघोळीला अर्धी बादली, आणि केस धुणं पंधरा दिवसांतून एकदा, तेही विचारून. मी पस्तिशीची, दोन लेकरांची आई, कमावती बाई — आणि सकाळी उठून विचारायचे, आई, आज केस धुऊ का? हे सगळं मी कारण म्हणून सांगत नाहीये. म्हणजे... सांगतेय खरं. पण तुम्ही ते कारण धरू नका.

आमच्या कॉलनीत मारुतीच्या देवळामागं एक हॉल आहे. संध्याकाळी तिथं पुरुषांची व्यायामशाळा भरायची आणि सकाळी सहा ते सात बायकांची. बायकांचा हा एक तास विमलताईंनी भांडून मिळवला होता. देवळाच्या कमिटीतले लोक म्हणाले, बायका कशाला वजनं उचलतील? ताई म्हणाल्या, “हंडे उचलायल्यात तवा कुणी इचारलं नाय.” कमिटीनं तास दिला, पण राग मात्र राहिला.

ताई पन्नाशीच्या, उंच, काळ्यासावळ्या. तरुणपणी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेल्या, पुढं शाळेत खेळाच्या बाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. फी नावापुरती, ती नसेल तर त्या मागायच्याही नाहीत. आमचे डंबेल म्हणजे पत्र्याच्या डब्यांत सिमेंट ओतून मधे पाइप घातलेला. कोपऱ्यात पाण्याचा एक ड्रम, तो ताई स्वतःच्या घरच्या पाण्यातून भरायच्या. व्यायाम झाला की प्रत्येकीला एक तांब्या — त्यात तोंड-हात धुवायचे आणि घर गाठायचं.

त्यांची एक पद्धत होती. कुणीही मोठं वजन उचलायला वाकली की त्या मागं येऊन उभ्या राहायच्या, दोन्ही तळवे तिच्या कमरेवर टेकवायच्या आणि म्हणायच्या, “कंबर माझ्याकडं, वजन तुझ्याकडं.” तळव्याला जरा वेगळं लागलं की लगेच वजन खाली ठेवायला लावायच्या. इतक्या वर्षांत आपल्या हाताखाली एकीचीही कंबर धरली नाही, एवढा एकच अभिमान त्या बोलून दाखवायच्या. आणि माझी कंबर तर त्यांनीच नीट केलेली. धाकट्याच्या बाळंतपणानंतर मला खाली पडलेला चमचा उचलता येत नव्हता. त्यांनी चार महिन्यांत मला सरळ उभं केलं. हे लक्षात ठेवा. मी विसरले होते.

मग आमच्या ऑफिसच्या समोरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती जिम उघडली. शेजारच्या टेबलावरची श्वेता जायला लागली. एक दिवस मलाही घेऊन गेली, नुसतं बघायला म्हणून. फिरत्या पट्ट्यावर चालले, सायकल चालवली. शिकवणाऱ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, तो मोबाइलमध्ये गुंग. मनात म्हटलं, नाव मोठं लक्षण खोटं. निघणार, तेवढ्यात श्वेता म्हणाली, जाताना शॉवर तरी घे.

नळ फिरवला. डोक्यावर गरम पाणी पडायला लागलं — कुणी मोजत नसलेलं पाणी. मी तिथं उभी राहून रडले. हसू नका. तुम्ही कधी दोन वर्षं अर्ध्या बादलीत अंघोळ केलीय का? मी दोनदा केसांना शाम्पू लावला, आणि तिसऱ्यांदा उगाच लावला.

वर्षाचे पैसे एकदम भरायचे होते. भरले. घरी सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय, यायला उशीर होईल. लोक जिम निवडतात, मी न्हाणीघर निवडलं. यात पाप नव्हतं. अजूनही मला तसं वाटत नाही. ताईंकडं जाऊन सरळ म्हणता आलं असतं — ताई, तिथं पाणी आहे हो. त्या हसल्या असत्या. जा गं बाई, डोक्यावरून न्हाऊन ये, म्हणाल्या असत्या. मग मी का गेले नाही? कारण हॉलमध्ये मी ताईंची लाडकी होते, नव्या बायकांना त्या माझं उदाहरण द्यायच्या. मला पाणीही हवं होतं आणि लाडकेपणही सोडायचं नव्हतं. म्हणून मी नुसती जायची थांबले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी ताई घरी आल्या. मी नुकतीच जिममधून न्हाऊन परतलेली. शाम्पूचा वास येईल म्हणून घाईनं ओढणी डोक्यावरून घेतली. त्यांनी रागावून नाही, काळजीनं विचारलं, “येईना झालीस गं. बरी हाईस ना?”

मी म्हटलं, कंबर धरलीय, ताई.

बस्स. विचार करून बोलले नव्हते, तोंडाला आलं ते बोलले. ताप म्हणता आलं असतं, लेकराची परीक्षा म्हणता आलं असतं. पण कंबर म्हटलं, आणि त्यांनी विचारलं कधी, तर म्हटलं, शेवटी आले त्या सोमवारी, तो मोठा डबा उचलताना.

त्यांनी माझ्या कमरेकडं बघितलं. मग म्हणाल्या, “मी मागं होते की गं.”

इथं माझं तोंड बंद राहिलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं — हो, होतात.

हे दोन शब्द मी आजवर कुणाला सांगितलेले नाहीत.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांना आयतंच सापडलं. “तरी मी म्हणतच होते, बाईमाणसाला कशाला हवीत ही सोंगं,” असं त्या ताईंच्या तोंडावर म्हणाल्या. ताई “व्हय” म्हणाल्या. एरवी कमिटीला गप्प करणारी बाई, माझ्या सासूपुढं नुसती व्हय म्हणाली. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता ही बातमी गल्लीभर झाली.

आणि त्याच दुसऱ्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा जिमला गेले. पट्ट्यावर चालले, न्हाले, घरी आले, तर ताई तेलाची बाटली घेऊन बसलेल्या. पाच दिवस त्या रोज आल्या. तेल कोमट करायच्या, मला पलंगावर पालथं झोपवायच्या आणि कमरेवरून बोटं फिरवायच्या. इथं का? इथं? मी उशीत तोंड खुपसून म्हणायचे, जरा खाली... हां, तिथंच. अर्धा तास चालून आलेली, ठणठणीत कंबर ती. मी त्यांना दुखण्याची जागा दाखवत होते. रोज वेगळी दाखवली तर संशय येईल म्हणून जागा पाठ करून ठेवली होती. सांगा, याला काय म्हणतात?

खरं तर मला वाटत होतं, त्यांना कळेल. त्यांच्या हातांना सगळं कळायचं. पहिल्याच दिवशी त्या म्हणतील, ऊठ गं खोटारडे, आणि पाठीत धपाटा घालतील. मी त्याची वाटही बघत होते. चौथ्या दिवशी त्यांचा हात थांबला. त्या म्हणाल्या, “गाठ लागंना गं हाताला. लई आत असंल.” मग, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाल्या, “कळंना झालंय माझ्या हाताला आता.”

कमरेत काही सापडलं नाही तर माणूस म्हणेल, दुखणं खोटं आहे. त्या म्हणाल्या, माझा हात खोटा आहे. इतका विश्वास कुणी माझ्यावर आधी ठेवला नव्हता, नंतरही नाही. तेव्हा उठून बसायचं होतं. उठून बसायला कितीसा वेळ लागतो? मी पालथीच राहिले. पाचव्या दिवशी म्हटलं, ताई, आता बरं वाटतंय, तुम्ही नका त्रास घेऊ. त्यांचं येणं थांबलं म्हणून मला सुटल्यासारखं झालं.

पुढचं मागच्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं. ताईंनी सगळ्या बायकांना समोर उभं केलं आणि म्हणाल्या, माझ्या हातून एकीची कंबर गेली, आता मी कुणाला वजन देणार नाही. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना घ्यायची गरजच नव्हती, गल्लीला ठाऊक होतं. सिमेंटचे डबे भिंतीशी लागले. नुसते हात वर-खाली करायला कोण येणार? आधीच निम्म्या बायका घरी भांडून यायच्या, आता घरच्यांना दाखवायला माझी कंबर होती. पंधराच्या आठ झाल्या, आठाच्या तीन. कमिटी टपलेलीच होती. तिनं तो सकाळचा तास इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासला देऊन टाकला.

आणि मे महिन्यात, नेमक्या त्याच आठवड्यात, जिमच्या शॉवरच्या दारावर चिठ्ठी लागली — पाणीटंचाईमुळे बंद. पैसे परत मिळणार नाहीत, असं काउंटरवरची बाई गोड आवाजात म्हणाली. मी जो तमाशा केला! टेबलावर हात आपटला. ही फसवणूक आहे म्हणाले. आम्ही विश्वासानं आलो होतो म्हणाले. विश्वासानं! घरी येऊन सगळं सांगून टाकलं — जिम, पैसे, शॉवर — आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यानं समजूत घातली. फसवलं गेलेल्या माणसाची जशी घालतात तशी. कमरेचं मात्र त्यालाही सांगितलं नाही. आतून खरंच जळत होते हो मी. इतकी सरळ वागणारी मी, आणि माझ्याशी असं?

दुसऱ्या दिवशी रिक्षातून ऑफिसला निघाले, तर देवळापाशी ताई दिसल्या. कमिटीच्या माणसाच्या हातात हॉलची किल्ली देत होत्या. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दादा, मागच्या बोळातून घ्या. त्यानं विचारलं, का, काय झालं? तेव्हा मी त्याला जिमनं फसवल्याची गोष्ट सांगितली. बाहेरच्या कुणाला पहिल्यांदा सांगितली ती तेव्हा. तो म्हणाला, “लोगां का भरोसाच नै रहा, मॅडम.” मी म्हटलं, अगदी खरं.

महिन्याभरात ताई भावाकडं वैजापूरला गेल्या, असं कानावर आलं. शाळाही सोडली म्हणे. मला जिमनं फसवलं, तर मी निदान टेबल आपटू शकले. ताईंना तेवढंही मिळालं नाही. आपण फसवले गेलो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, मग रागावणार कुणावर? त्या स्वतःवर रागावल्या.

मधे बरीच वर्षं गेली. पाऊस परतला, शहराचं नाव बदललं, माझे केस पांढरे झाले. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याच्या मावसबहिणीच्या घरी लग्नाला वैजापूरला गेले होते. परतताना एकटीच स्टँडवर उभी. हातात कांद्यांनी भरलेली जड पिशवी, पाहुण्यांनी आग्रहानं दिलेली. कुणीतरी नावानं हाक मारली. ताई. भाचीला बसवून द्यायला आल्या होत्या. वाळल्या होत्या, पाठीला जरा बाक आला होता. त्यांनी माझा हात धरला आणि पहिला प्रश्न विचारला, “कंबर कशी हाय गं तुझी?”

बस लागलेली नव्हती. दहा मिनिटं होती. दहा मिनिटांत माणूस काय काय सांगू शकतो! ताई, ती कधी दुखलीच नव्हती. पाच-सहा शब्द. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, थंडीत धरते अधूनमधून.

का म्हटलं? मला माहीत नाही. आजही नाही.

ताईंनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. मी नको नको म्हटलं, तसं आपण म्हणतोच. “तुला वजन नको,” त्या म्हणाल्या आणि बस लागताच गर्दीतून पुढं झाल्या. साठी उलटलेली बाई कांद्यांची पिशवी घेऊन एसटीची पायरी चढत होती, आणि मी मागून एक हात कमरेवर ठेवून चालत होते. हो, कमरेवर हात ठेवला होता मी. आपोआप गेला, असं म्हणणार होते. नाही, ठेवला.

त्यांनी पिशवी सीटखाली सरकवली, खाली उतरल्या आणि खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या. बस सुरू झाली तेव्हा गजावर हात ठेवून म्हणाल्या, “त्या वख्ताचं मला माफ कर गं.”

मी मान हलवली. मी त्यांना माफ केलं.